उत्तरेश्वरला आत घेऊ नका

मंगळवार, ६ जानेवारी

नाही, मी नाही लाडावलं त्याला! कुणी विचारलं नाही, पण शेजारच्या बायकांच्या तोंडावर तेच दिसतं. बाप लवकर गेला म्हणून काय मी त्याला मांडीवर घेऊन बसले होते? सकाळी सहाला फॅक्टरीची पाळी, दुपारी घरी, मग धुणं, स्वयंपाक. लाडाला वेळ कुणाला होता!

काल सकाळी उत्तरेश्वर गोव्याच्या बसमधून उतरला. तोंड असं, की कुणाला पोचवून आलाय. अडतीस वर्षांचा घोडा. चाकणला कंपनीत सुपरवायझर. खाली दहा माणसं ऐकतात त्याचं. आणि महिन्यातून दोनदा पणजीला पळतो. तिथं नदीत बोट उभी असते, तिच्यात जुगार. कॅसिनो म्हणायचं म्हणे. नाव इंग्रजी ठेवलं की झालं सभ्य!

सून प्रियदर्शनी म्हणाली, "आई, यांना समुपदेशकाकडे नेऊ या." मी म्हणलं, कशाला ती थेरं? मनात आणलं की सुटतं. मी मिश्री सोडली का नाही एका दिवसात?

प्रिया पोळी लाटत होती. लाटता लाटताच म्हणाली, "हे आणखी एकदा गेले ना, की मी ओवीचा शाळेचा दाखला काढते आणि लातूरला माहेरी जाते."

ओवी माझी नात. सहावीत आहे. प्रिया ओरडली असती तर मी दोन शब्द सुनावले असते. ती शांत बोलली. शांत बोलली म्हणजे ठरलं.

गुरुवार, ८ जानेवारी

फोन. कुणी बाई, हिंदीत. "यमुनाबाईजी बोल रही हैं?" मी म्हणलं नको! आणि बंद केला. लोनवाले, प्लॉटवाले, सगळ्यांना एकच उत्तर. ह्यांना नाव कुठनं कळतं कोण जाणे.

शनिवार, १० जानेवारी

परत तीच. "माताजी, बस एक मिनट—" एक मिनिट तुझ्या घरच्यांना दे म्हणलं. आपटला.

उत्तरेश्वर दारात आला. "आई, कुणाचा फोन होता का?"

"होता. येतात दिवसाला दहा. तुला काय करायचंय?"

"काही नाही." तरी उभाच. नखं कुरतडत. मग गेला. धड बोलत नाही, धड जात नाही. मला असली माणसं सहन होत नाहीत.

रविवार, ११ जानेवारी

आज तिसऱ्यांदा! नंबरच ब्लॉक करून टाकला. ओवीनं शिकवलंय.

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. गुळाच्या पोळ्या केल्या. तशाच डब्यात आहेत.

धुण्याआधी खिसे उलटे करायची माझी फॅक्टरीपासूनची सवय. त्याच्या पँटीत घडी घातलेला कागद निघाला. सगळं इंग्रजी. खाली त्याची सही, वर त्याचा फोटो. मी म्हणलं आता घर लिहून दिलं बहुतेक. प्रियाला हाक मारली.

तिनं वाचला. परत वाचला. मग खाली फरशीवरच बसली.

"आई, हा कॅसिनोचाच फॉर्म आहे. यांनीच भरलाय, चार तारखेला, तिथंच. लिहिलंय, मला एक वर्ष आत घेऊ नका."

"कोण म्हणतं?"

"हेच म्हणतायत. स्वतःबद्दल. आणि घरच्या एका माणसानं फोनवर हो म्हणायचं, सात दिवसांत. मग यांचं नाव गेटवरच्या यादीत जातं." बोट खाली नेलं. "इथं नंबर तुमचा दिलाय. नातं—आई."

सात दिवस अकराला संपले.

मला मोरीतला नळ बंद करायचंसुद्धा सुचलं नाही. पाणी बाहेरच्या खोलीपर्यंत आलं.

बुधवारच, संध्याकाळी

तो आला. कागद पुढं ठेवला. म्हणलं, मला सांगितलं का नाहीस?

"काय सांगू? तू म्हणाली असतीस, कसला फॉर्म, मनात आण म्हणजे सुटेल."

म्हणाले असते. खोटं कशाला बोलू.

"मग बायकोचा नंबर द्यायचा!"

"तिला मी आठ वेळा शपथ दिलीय, आई. नवव्यांदा कुठल्या तोंडानं बोलू? आणि ती माझ्या रडण्याला फसते. तू कुणाला बधत नाहीस."

मग म्हणाला, "तुला फोन केला म्हणाले ते कॅसिनोवाले. तीनदा. तू शिव्या दिल्यास. मला वाटलं तुला कळलं सगळं, आणि तू नाही म्हणालीस."

चार दिवस हा पोरगा असं समजून माझ्या हातचं जेवत होता. मी फोन आपटून मोठी शहाणी झाले! मुस्काटात मारून घ्यावीशी वाटली. स्वतःच्या.

शुक्रवार, १६ जानेवारी

झोप नाही. गेटचंच डोक्यात.

आमच्या फॅक्टरीत रोज गेटवर झडती. आत बॉम्बगोळ्यांत दारू भरायचं काम, एक ठिणगी पडली तर कुणी उरायचं नाही. काडेपेटी, बिडी, किल्ल्या तर सोडाच, बांगड्या, जोडवी, केसातले आकडे, मंगळसूत्रसुद्धा काढून ठेवायचं. एकतीस वर्षं रोज काढलं. सासूबाई म्हणायच्या, सवाष्ण बाई रोज गळा मोकळा करते, बरं नाही. मग हे गेले तेव्हा तेच बोलल्या. पण झडती घेणाऱ्या बाईचा मला कधी राग नाही आला. ती काही मला चोर समजत नव्हती. साहेबाचीही घ्यायची. कुणी म्हणायचं नाही, मनात आण, काडी ओढणार नाही असं ठरव. काडी आतच जाऊ द्यायची नाही. बस.

मला हे माहीत होतं. एकतीस वर्षं माहीत होतं. आणि पोराला सांगत बसले, मनात आण.

तो नंबर ओवीकडून उघडून घेतला. लावला. मुदत संपली, अर्ज नवा करा म्हणाले. तो मोबाईल घेऊन बसला. अर्जासाठीचा फोटो तीनदा हलला. प्रियानं काढून दिला शेवटी.

सोमवार, १९ जानेवारी

आंघोळीला जातानाही फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून बरोबर नेते चार दिवस. आज आला.

"माताजी, आपके बेटे का नाम एक साल के लिए बंद करना है?"

"हां. करो. अभी करो."

मुलगी बरी होती. नीट समजावलं. वर्ष पुरं व्हायच्या आत नाव काढायचं असलं तर दोघांनी हो म्हणायचं, त्यानं आणि मी. मी काहीच बोलले नाही तर नाव आहे तिथं राहणार. म्हणलं, ठीक.

फोन ठेवला. प्रियानं चहा केला. चौघंही एका वेळी प्यायलो, कधी नव्हे ते.

शनिवार, २४ जानेवारी

हे काय सुटणं! माणूस घरात असून नसल्यासारखा. ताट ढकलतो. ओवीनं गणित विचारलं तर खेकसला. मग तिच्या पायाशी बसून रडला. ओवी घाबरून माझ्या मागं आली.

प्रिया म्हणाली, "समुपदेशक—" मी म्हणलं, चला. उद्या म्हणालीस तर उद्या. माझंच चुकलं.

पुढच्या सोमवारची वेळ मिळालीय. दोन तारीख. तोवर सांभाळायचं आहे त्याला. वाटेल ते करून.

गुरुवार, २९ जानेवारी

चार दिवस उरले.

शुक्रवार, ३० जानेवारी

रात्रपाळी लागलीय म्हणाला, उद्या जादा पाळीसुद्धा. डबा दिला. लोणचं मागून घेतलं. बरं वाटलं.

शनिवार, ३१ जानेवारी

दुपारी कॅसिनोतल्या त्याच मुलीचा फोन. उत्तरेश्वर तिथं आहे, बोटीवर जायच्या गेटवर. आत घेतलं नाही. नाव काढा म्हणून दोन तास बसलाय. "माताजी, आपकी हां है या ना?"

मग तो आला फोनवर. "आई, हो म्हण. फक्त आजच्या दिवस."

मग, "आई, ऐकतेयस ना?"

मग, "तू हो नाही म्हणालीस तर मी घरी येणार नाही. बघ. इथं समोर नदी आहे."

प्रिया समोर उभी. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. तिनं मान हलवली नाही, होही नाही, नाहीही नाही.

फोन कानाला तसाच धरला. तोंड उघडलं नाही. पाण्याचा आवाज येत होता. तो रडत होता. मग फोन बंद झाला. नाव आहे तिथंच राहिलं.

सहा वाजले. तिकडून पुण्याची बस सुटली असेल. तो बसला का, प्रिया काय म्हणाली, मला काय वाटतं—विचारायचं नाही. मी सांगणार नाही.