कलम अकरा

प्रिय ताई,

दोन वर्षं तुला पत्र नाही, फोन नाही. चूक माझी, हे आधीच लिहून टाकतो. नाहीतर सवयीप्रमाणे भाषण सुरू होईल आणि मुद्दा राहून जाईल.

काल आमच्या वीजकेंद्राच्या करारावर कामगारांचं मतदान झालं. कोळशाचे चारही संच दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद होणार. त्याविरुद्ध गळा फाडणारा मीच आणि काल हात वर करा म्हणणाराही मीच. आज सकाळी चहा घेताना लक्षात आलं, जबडा दुखत नाहीये. दोन वर्षं दात आवळूनच जगत होतो.

तू म्हणायचीस, तुझं डोकं कोळशावर चालतं. अगं, इथे सगळंच कोळशावर चालतं. न्हाव्याचं दुकान, शाळा, कामगारांचे गणवेश शिवणारी तुझी वहिनीसुद्धा. हवामान हा शब्द काढला की आमच्या माणसाला बंद झालेला पगार दिसतो. तुमच्या बंदरात पाणी धक्क्यावर चढलं की बोटी अडकतात, बर्फाचा कारखाना थांबतो; हवामान या त्याच शब्दात तुम्हाला बुडता बुडता वाचलेलं घर दिसतं. इतकी पुस्तकं वाचून मी सांगत फिरलो की माणूस विचार करून बाजू निवडतो. पुष्कळदा तो आपली चूल कशावर पेटते तेवढंच बघतो. मीही तेच बघितलं.

आणि तुझं ते पत्र. भरतीचं पाणी स्वयंपाकघरात शिरलं, पिठाचा डबा तरंगत होता, असं तू लिहिलं होतंस. मी ते फाटकासमोरच्या सभेत वाचून दाखवलं. वर म्हणालो, बाईंना एक बादली पाठवून देऊ. मैदान खदखदून हसलं. दुसऱ्या दिवशी गावभर भिंतींवर बादल्या रंगवलेल्या. तुझं नाव घेतलं नव्हतं, पण तुला कळायचं ते कळलंच. टाळ्या ऐकल्या की माझं भान सुटतं, ताई. तुझ्यापेक्षा चांगलं हे कुणाला ठाऊक?

सरकार, आम्ही कामगार आणि तुम्ही किनाऱ्यावरची माणसं, अशा तिघांच्या या करारात अकरावं कलम आहे. कामगाराला तेवढ्याच पगाराचं दुसरं काम मिळेपर्यंत त्याचा संच बंद करायचा नाही. त्या एका कलमामुळे आमची माणसं वळली. आम्ही मागितलं आणि सरकार नमलं, असं मी महिनाभर छाती ठोकून सांगत होतो. क्रेनवाले मामा तर मला खांद्यावर घ्यायला निघाले होते. नशीब, वेळेवर त्यांची कंबर धरली.

परवा कारकुनाने मूळ कागद दाखवले. कलम अकरा किनाऱ्याच्या प्रतिनिधींकडून आलेलं, खाली तुझी सही. तुमच्या बैठकीचं टिपणही होतं. कोळसेवाल्याची बहीण, असं तुझ्याच लोकांनी तुला सुनावलं; तू म्हणालीस, हो, आहेच. ते पान मी तीनदा वाचलं. हे सांगितलं तर आमची माणसं बिथरतील, करार बुडेल, अशी भीती होती. तरी काल मतदानाआधी उभा राहिलो. म्हणालो, हे कलम माझ्या बहिणीचं आहे, आणि मी ज्याची टिंगल केली ते पत्रही तिचंच. खाली बसलो. आयुष्यातलं सर्वांत छोटं भाषण. एकही टाळी नाही. मग मामांनी हात वर केला आणि पुढचे हात मोजायची गरजच पडली नाही. एवढं सुटल्यासारखं मला कधी वाटलं नव्हतं. आता तुझीच माफी राहिली. रविवारी सकाळच्या बसने येतोय. दार उघडलंस तर आत येऊन मागेन. नाही उघडलंस तर बाहेरूनच मागेन; माझा आवाज तुला माहीत आहे, शेजाऱ्यांनाही सगळं कळेल.

तुझाच,
भोंगा