खटखट आणि आबांचा आवाज

३ ऑक्टोबर, शुक्रवार

दसऱ्यानंतर आज दुकान उघडलं. कॉम्प्युटर सुरू केला – आतून खटखट! अकरा वर्षांच्या लग्नपत्रिका त्याच डबड्यात आहेत. अर्ध्या तळेगावची लग्नं मी लावलीत. बाळचं मत, "चालतंय ना? मग कशाला हात लावायचा?" पन्नाशीला आलेला हा माझा नवरा. दाढ किडली तेव्हाही हेच म्हणाला होता.

५ ऑक्टोबर, रविवार

सासूबाई नेहमीप्रमाणे खुर्ची ओढून बसल्या. सासरे, म्हणजे आबा, जाऊन तीन वर्षं झाली. त्यांचं रेकॉर्ड केलेलं बोलणं याच कॉम्प्युटरवर आहे – कार्ला गावातल्या भातशेतीच्या गप्पा, आणि मध्येच, "अगं ए, च्या टाक की." दर रविवारी सासूबाई पडद्याला उत्तर देतात, "व्हय, टाकती." मी तोंड फिरवून हसते. आज हसू आलं नाही. खटखट चालूच होती.

७ ऑक्टोबर

दुरुस्तीवाला संदेश डब्याला कान लावून बसला. "हार्ड डिस्क जायला लागलीय मॅडम. कॉपी करून देऊ सगळं?" म्हटलं, राहू दे, मला येतं. सासूबाई मागून, "नवमीला तर पूजा केली त्येची, लगेच कसं बिघडंल?"

पूजेला घाबरून यंत्रं नीट चालतात, हे मला माहीत नव्हतं.

८ ऑक्टोबर

सगळं पेन ड्राइव्हवर घेतलं. नवी डिस्क बसली. जुनी मी स्वतः हातोडीनं ठेचली – गिऱ्हाइकांची आधार कार्डं होती त्यात. बाळ म्हणे, "दोन दिवस ठेवायची होतीस." याचं सगळंच दोन दिवसांनी असतं.

९ ऑक्टोबर

खटखट!!

१० ऑक्टोबर

संदेशनं डब्याचा मागचा पंखा खोलला. आत तांदळाचे चार दाणे, कुंकवानं लाल, पात्यांवर आपटत होते. डिस्क ठणठणीत होती! खंडेनवमीला सासूबाईंनी जाळीवर मूठभर अक्षता ओतल्या, दुसरं काय. रविवारी त्यांना चांगलं ऐकवणार आहे.

११ ऑक्टोबर

आबांचं फोल्डर उघडेना. मी नुसता शॉर्टकट कॉपी केलाय. फोल्डरकडे बोट दाखवणारी खूण तेवढी आली, आवाज ठेचलेल्या डिस्कमध्ये राहिला. मोबाईल, पेन ड्राइव्ह, सगळं पालथं घातलं. कुठंच नाही. खूप रडले.

१२ ऑक्टोबर, रविवार

सासूबाई खुर्ची ओढून बसल्या. "लाव की गं त्येंचं."

म्हटलं, लाइट गेलीय.

छताचा पंखा फिरत होता. त्यांनी वर बघितलं, मग माझ्याकडे. "व्हय, टाकती च्या," म्हणाल्या आणि उठल्या.