कारणाचा रकाना

साहेब झालेल्या नातवा,

तुझ्या आजोबांच्या मृत्यूचा फॉर्म तूच भरला होतास. त्यात इंग्रजीत काय लिहिलंय ते आज शेजारच्या नर्सबाईंनी मला वाचून दाखवलं. कारण म्हणे 'म्हातारपण'! अरे, आठ महिने तो माणूस क्षयाने खोकत होता. त्यांचं ताट-भांडं मी वेगळं उकळत होते आणि तू दारातूनच ओरडायचास, "आजी, मास्क लाव!" म्हातारी तर मीही आहे, मी मेले का?

काल टीव्हीवर आरोग्य खात्यातर्फे तूच सांगत होतास, देशात लाखामागे क्षयाने मरणारे कमी झाले. कोट छान दिसत होता. त्या कमी झालेल्यांत तुझे आजोबा आहेत, तेवढं सांगायचं राहिलं. तुला आकडे गिरवायला त्यांनीच शिकवलं होतं रे.

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. माझ्या कागदांच्या डब्यात, एक्स-रेच्या पाकिटात ठेवतेय. एक्स-रे परवाच काढलाय, माझ्याच छातीचा. माझा फॉर्म भरताना तुला हा डबा उघडावाच लागेल. तेव्हा खरं कारण लिही.

अजून मोजायची राहिलेली,
तुझी आजी