वरच्या खोलीची आतली कडी

मी, कुमारी कुसुम गोविंद लवाटे, वय शहात्तर, लष्करी दवाखान्यातली निवृत्त परिचारिका, राहणार बिबवेवाडी, पुणे, राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीवर हे लिहून ठेवते. डॉ. शेफाली गोखले आज मला तपासायला आल्या आहेत. कोणी माझं काय नेलं आणि परत दिलं नाही, हे मी त्यांना सांगायला लागले, तेव्हा स्मरणशक्ती उत्तम आहे असं त्यांनी घाईघाईने लिहून दिलं.

माझं लग्न झालेलं नाही. त्याबद्दलची हळहळ नातेवाइकांनी आपसांत समान वाटून घ्यावी.

कलम एक. आईच्या पाटल्या ऋचाला, म्हणजे माझा भाचा माधव याच्या मुलीला. त्या मोडून तिने कुठेतरी लांब फिरून यावं. लॉकरमध्येच ठेवणार असेल तर देऊ नयेत.

कलम दोन. माझी शिडी शेजारच्या पोपटरावांकडे आहे. एका दिवसासाठी नेली होती, आता तिला त्यांच्या गेटचा रंगसुद्धा लागला आहे. परत मागू नये. तिने एकदा मोठं काम केलं आहे, ते पुढे येईलच.

कलम तीन. घर. माझ्या स्वकष्टार्जित पगारातून बांधलेलं; खाली दोन खोल्या, वर एक. वरची खोली युद्धातून वाचून आलेल्या बाईसाठी आहे. का, ते सांगते.

एकाहत्तरच्या लढाईनंतर सीमेजवळच्या छावणीतल्या दवाखान्यात माझी नेमणूक झाली. तिथे आलेल्या बायकांना जो तो विचारायचा, काय झालं ते सांगा. डॉक्टर विचारायचे, साहेब विचारायचे, वर्तमानपत्रवाले तर खुर्ची ओढून बसायचे. ज्यांनी अत्याचार केले त्यांना मात्र कोणी काही विचारत नव्हतं. तेव्हा आलेला संताप अजून उतरलेला नाही, उतरवायचा विचारही नाही. म्हणून या खोलीची कडी आतून आहे, आणि खाट अशी ठेवली आहे की पडल्या पडल्या दार दिसावं. बाहेरच्याने दार वाजवायचं आणि थांबायचं. विचारायचं ते फक्त चहा की कॉफी.

सध्या तिथे आमना राहते. सुदानची, पुण्यात शिकायला आलेली. सुट्टीत घरी गेली आणि युद्धात सापडली. तिच्यावर काय गुदरलं ते तिचं तिच्याकडे आहे. अशा बायकांना न्याय मिळावा म्हणून काही वकीलबाई जबान्या घेतात. त्यांना ती फोनवर सांगते, तिच्या वेळेने, झेपेल तेवढं. मी शेजारी भाजी निवडत बसते. तिला थांबावंसं वाटलं की ती माझ्या ताटातली गवार उचलते, मग फोन बंद.

आता माधव. मंडळाचा अध्यक्ष, मनाने चांगला, डोक्याने उतावळा. दीड वर्षापूर्वी नवरात्रात त्याने आमनाचा सत्कार ठरवला. शाल, श्रीफळ, साडी, आणि तिला न विचारता चौकात फ्लेक्स. ‘रणरागिणी आमना’, खाली तिचा फोटो, आणि त्याच्या दुप्पट आकाराचा हात जोडलेला माधव. कॉलेजातून येताना तिने तो पाहिला, वर गेली आणि कडी घातली. जेवायलाही उतरली नाही. मला फार वाईट वाटलं.

माधव पेढे घेऊन आला. हेतू चांगला होता, म्हणाला. मी त्याला जिन्याखालीच अडवलं. “फोटो तिचा ना? मग काय केल्याने बरं वाटेल ते तीच सांगेल. तोवर पेढे तूच खा.”

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने सांगितलं. फ्लेक्स माधवकाकांनी स्वतः काढायचा, मंडळाच्या पोरांकडून नाही. आणि दिवाळीत फटाके कधी, कुठे वाजणार, ते आधी येऊन सांगायचं. बस, एवढंच.

माधवला उंचीची भीती वाटते. तरी पोपटरावांकडून माझीच शिडी मागून आणून तो भर चौकात चढला. भेळवाल्यासकट सगळे बघत होते. स्वतःचा चेहरा स्वतः उतरवूनच खाली आला. त्यानंतरच्या दोन्ही दिवाळ्यांना वर जाऊन फटाक्यांची वेळ सांगून आला.

हल्ली एक बिल्डर फेऱ्या मारतो. माझ्यामागे ही खोली टिकेल का, एवढीच मला काळजी. वकील म्हणाले, एखाद्या संस्थेला द्या. मी आमनालाच विचारलं, खोली कोणाच्या हाती देऊ? ती ऋचाचं नाव घेईल अशी माझी खात्री होती.

ती म्हणाली, “माधवकाकांना द्या. ते दार वाजवतात आणि थांबतात.”

मला रडू आलं. लिहायला लाज वाटत नाही.

सबब, घर माधवला. ते त्याने विकू नये. वरच्या खोलीचा तो मालक नाही, राखणदार आहे. आमनाने हवं तितकं राहावं. तिच्यानंतर कोण यायचं, ते तिने आणि ऋचाने ठरवावं.

कलम चार. सदर फ्लेक्स गच्चीत उलटा अंथरून मी कुरडया वाळवते. फार छान वाळतात. तोही माधवला. तोंड खालीच ठेवावं.

ज्याला लाभ त्याने साक्षीदार होऊ नये, म्हणून सही होईपर्यंत माधवला बाहेर काढलं आहे. हे आम्ही वरच्या खोलीत लिहितो आहोत. कडी आमनाने घातली आहे. त्याने आत्ताच दार वाजवलं. थांबला आहे.

सही: कुसुम गोविंद लवाटे

साक्षीदार:
१. डॉ. शेफाली गोखले, बिबवेवाडी
२. बद्रीनाथ सुतार, ही कडी बसवणारे

स्थळ: पुणे
दिनांक: १८ फेब्रुवारी २०२६