गुरम्माभोवतीचा उजेड

१२ सप्टेंबर, लातूर

उद्धवने नांदेडहून पार्सल पाठवलं – चपलेच्या खोक्यात कॅमेरा! फोनवर म्हणाला, "ताई, मॉस्कोला शिकायला होतो तेव्हाचा आहे, झेनिट. घर आवरतोय. भंगारात घालू, की तू फिजिक्सवाली बघतेस?"

भंगारात म्हणे! विटेसारखा जड. बॅटरी नाही, स्क्रीन नाही. खटका दाबला – खटॅक! स्वयंपाकघरातून गुरम्मा पोळपाट घेऊनच धावत आली. "काय पडलं बाई?"

पडलं काही नाही. जन्मभर कॉलेजात भिंगं शिकवली, असलं भिंग कधी हातात धरलं नव्हतं.

१५ सप्टेंबर

रोल मिळवून भरला. चालतो! फक्त उजेड मोजायचा काटा मेलाय. म्हणजे उजेड मीच मोजायचा. दिवसभर तेच – जिन्यात किती, अंगणात किती. रिटायर झाल्यापासून या घरात क्लासच्या मुली ठेवते; कोणत्या खिडकीतून ऊन कुठवर येतं, हे आज पाहिलं.

आणि डोळा लावला तर – दिव्याभोवती कडं! दोरीवर मुलींच्या ओढण्या, प्रत्येकीला उजेडाची झालर! कॅमेरा खाली घेतला की गायब. लावला की पुन्हा आहेच. जुन्या रशियन काचेचा गुण असणार. बघतच राहिले. दूध उतू गेलं.

१६ सप्टेंबर

अपूर्वा म्हणते, "मॅडम, आमचे मोबाईल कपाटात कुलूपबंद, आणि तुम्ही मात्र फोटो काढणार!"

"हा सिलॅबसमध्ये आहे. जा, उद्या ऑप्टिक्सची टेस्ट आहे."

२० सप्टेंबर

दिवाळीनंतर गुरम्मा लेकाकडे लोह्याला जाणार, कायमची. आज म्हणाली, "माजा बी एक काढा की."

ती किल्लारीची. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये ओळखपत्रासाठी फोटो काढला होता – छातीशी पाटी, पाटीवर नंबर, कपाळाला पट्टी. जन्मात तेवढाच एक. "मेल्यावर त्योच भिंतीला लावतील, बाई. वर हार! चोरट्यावानी दिसायलेय त्यात." नातवाने मोबाईलवर काढला तर त्यात गोरीपान बाहुली. "म्हनलं, ही कोन सटवी?"

काढते म्हटलं. शब्द दिला.

२२ सप्टेंबर

सकाळीच इरकल नेसून खिडकीशी बसली. काच धूसर, नाक-डोळे स्पष्ट होईनात. मग शिंप्याची टेप आणली, कॅमेऱ्यापासून तिच्या नाकापर्यंतचं अंतर मोजलं आणि भिंगावरचा आकडा त्यावर लावला.

"झंपराचं माप घ्यायलाव का?"

"हलू नकोस."

डोळा लावला आणि हातच थांबला. पांढऱ्या केसांभोवती, खांद्यावरच्या पदराभोवती – उजेड! नुसता उजेड! रोज जिच्याशी मिठावरून भांडते, ती ही बाई? श्वास रोखून खटका दाबला.

"झालं? बाई, डोळ्यात पानी हाय तुमच्या."

"धूळ आहे. केर नीट काढत जा."

३० सप्टेंबर

भूकंपाचा दिवस. पहाटे गुरम्मा अंगणात बसते, दर वर्षी. यंदा मीही शेजारी बसले.

९ ऑक्टोबर

रोल पुण्याला पाठवला होता, फोटो आले. वलय नाही! एकातही नाही. ओढण्या नुसत्या ओढण्या. गुरम्मा नुसती गुरम्मा – लख्ख, एकेक सुरकुती, कपाळावरचा व्रण. पुण्याच्या माणसाला फोन करून झापलं. तो म्हणतो, "मॅडम, भिंग एकदम स्वच्छ आहे तुमचं. धुकं कुठंच नाही."

मग मी काय पाहिलं?

तिला दाखवायचं जिवावर आलं होतं. तिनेच हातातून ओढून घेतला. खूप वेळ पाहिला. व्रणावरून बोट फिरवलं. "हाव. हीच मी. ह्योच लावा म्हनावं भिंतीला."

"अगं, पण तुझ्याभोवती उजेड होता –"

"कुटं? न्हाई बा. तुमालाच दिसला असंल."

मलाच.

कॅमेऱ्याला लावते तो उजवा डोळा. तेव्हा डावा मिटलेला असतो. तिथेच उभ्या उभ्या, कॅमेरा न घेता, डावा डोळा झाकला. ट्यूबलाइटभोवती कडं. गुरम्माभोवती झालर.

११ ऑक्टोबर

उजव्या डोळ्यात मोतीबिंदू. चांगला पिकलेला. डॉक्टर माझाच विद्यार्थी, मन्मथ. "डावा सांभाळून घेत होता, म्हणून कळलं नाही, मॅडम. प्रकाशाचं विकिरण – तुम्हीच शिकवलंत!"

"शहाणपणा पुरे. तारीख दे."

१७ ऑक्टोबर

उद्या ऑपरेशन. संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिले. डावा डोळा हाताने झाकला. गुरम्मा भाकऱ्या करत होती.

"काय बघायलाव, बाई?"

"काही नाही. भाकरी करपतेय."

करपत नव्हती.