डागवाल्या बेडकांचा वारस

मी, खाली सही करणारी, वय अठ्ठ्याहत्तर, व्यवसाय संशोधन (निवृत्त), गुडघ्यांनी अधू पण डोक्याने ठणठणीत, कोणाच्याही दडपणाला बळी न पडता हे मृत्युपत्र लिहून ठेवते. दडपण आणायला मुलगा आणि सून रविवारी येऊन गेले. हात हलवत परत गेले.

१. राहते घर मुलाला. तो ते विकणार. भिंती मोजताना मी त्याला पाहिले आहे. बँकेतली शिल्लक सुनेला, कारण ती निदान तोंडावर भांडते.

२. सूक्ष्मदर्शक धाकट्या बहिणीला. "ताई, जन्मभर बेडकंच चिवडलीस गं!" असे ती चारचौघांत म्हणत आली. आता एकदा तरी डोकावून बघावे.

३. ज्या संस्थेत उमेदीची वर्षे घातली तिला फुटकी कवडीही नाही. मी निवृत्त होताच संचालकांनी प्राणिगृहाचे पाहुण्यांसाठी दालन केले आणि माझे बेडूक टाकाऊ ठरवले. ते मारले जाण्याआधी मी रीतसर परवानगीने घरी आणले. संचालक हसले. त्यांना दुसरे काही येतही नाही.

४. आता मुख्य मिळकत: न्हाणीघरातल्या टाक्यांतले बेडूक. प्रत्येकाच्या पाठीवर दुसऱ्या बेडकाच्या कातडीचा डाग आहे. पिले असताना, पाय फुटून शेपटी आटत होती तेव्हा, मी तो लावला. मोठ्या बेडकाला असा तुकडा लावला तर शरीर तो परका म्हणून झटकून टाकते. यांनी तो आपला मानला, आणि मरेपर्यंत मानतील असे माझे म्हणणे आहे. या जातीचे आयुष्य वीस-पंचवीस वर्षांचे; त्यासाठी ते शेवटपर्यंत सांभाळले गेले पाहिजेत.

मुलगा म्हणतो, "आई, तळ्यात सोडून देऊ की!" म्हणजे थेट बगळ्यांच्या पोटात. म्हणून हे सर्व बेडूक मी माझ्या वैऱ्याला देते. शेजारच्या प्रयोगशाळेतले हे गृहस्थ दर परिषदेत उठून म्हणत, "बाई, डाग गळणार. आज ना उद्या गळणारच." अभ्यास उथळ, आवाज मोठा, माझे विद्यार्थीही त्यांनीच फोडले. तरी त्यांनाच. डाग गळलेला बघायच्या हावेने ते रोज पाणी बदलतील, खाऊ घालतील, पाठी निरखतील. गळला तर माझे चुकले असे खुशाल छापावे. न गळला तर तेही छापतील. लबाडी त्यांना कधी जमली नाही.

फोन करून विचारले. आधी टाक्या किती, ते त्यांनी विचारून घेतले. मग म्हणाले, "घेतो. पण बाई, तुम्ही गेल्यावर मी भांडू कुणाशी?"

माझ्यावाचून कसे होणार, असे मला दुसऱ्या कोणीही विचारलेले नाही.

ठिकाण: राहते घर. दिनांक: नऊ ऑक्टोबर.
सही: मी स्वतः
साक्षीदार: १. कोपऱ्यावरचे औषधवाले २. खालच्या मजल्यावरच्या शिक्षिका
(दोघांनी माझ्यासमोर वाचून सह्या केल्या. शिक्षिकाबाई रडल्या; मी त्यांना रडू नका म्हटले.)