दुसऱ्यांदा सांगितल्यावर

ता. १२ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र यांनी दोनदा वाचलं, आणि संशोधन केंद्रात बसून तू नक्की काय करतेस ते दोन्ही वेळा त्यांना कळलं नाही. मला सातवा लागलाय. शिलाईच्या कारखान्यात अजून जाते, काम बसून आहे.

आता मनातलं सांगते. मला त्या इस्पितळात पुन्हा पाऊल टाकायचं नाही. मागच्या खेपेला बाळ हलत नाही असं मी सांगत राहिले, आणि तुमच्या वस्तीतल्या बायका ओरडतातच फार, असं म्हणून नर्स पडदा ओढून निघून गेली. पुढचं तुला माहीत आहे. या खेपेला घरीच सुईण बोलवायची म्हणते. सासूबाई भडकल्यात, आणि त्यांच्या तोंडी कोण लागणार? तूच काय ते सांग.

तुझ्या उत्तराच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
ताई

ता. २० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दाजींना सांग, आम्ही चहा पितो आणि मधूनमधून मोजतो. बाईने तक्रार केल्यावर डॉक्टर किती वेळाने येतात, एवढंच तीन वर्षं मोजलं. आपल्या वस्तीतल्या, आपल्या रंगाच्या बायकांकडे ते दुप्पट उशिरा यायचे. घरच्यांची मुलाखत आपण घ्यायची नाही असा आमच्याकडे दंडक आहे, म्हणून तुझ्याकडे माझी मैत्रीण आली होती. ज्याचा विषय घरात कोणी काढत नाही ते तू तिला सांगितलंस. ताई, तुझे आभार मानायचे राहूनच गेले.

आरोग्य खात्याने आमचं ऐकलं. एक तारखेपासून बाळंतपणात घरची एक बाई सोबत आत राहील, आणि तक्रार दुसऱ्यांदा केली की मोठ्या डॉक्टरांनी स्वतः यायचंच. नियम पाळतील याची हमी मी देऊ शकत नाही, तुझ्याशी खोटं कशाला बोलू? तरी इस्पितळातच जा, आणि सासूबाईंना आत ने. त्यांच्या तोंडाचा एकदा तरी चांगल्या कामाला उपयोग होऊ दे!

माया आहेच, जरा जास्तच असू दे.
तुझी धाकटी

ता. ६ मे

चि. धाकटीस, म्हणजे आता मावशीबाईंस,
अनेक आशीर्वाद.

मुलगी झाली. दोघी सुखरूप आहोत.

कळा चालू असताना काहीतरी बिनसल्यासारखं वाटलं. एकदा सांगितलं, तर नर्स म्हणाली की होतं असं. पुन्हा सांगितलं, तशा सासूबाई उठल्या आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, की हे दुसऱ्यांदा झालं, आता मोठ्यांना बोलवा. मोठ्या डॉक्टरीणबाई धावत आल्या. नाळ मानेभोवती होती. वेळेवर कळलं म्हणून पोर वाचली, असं त्या नंतर म्हणाल्या. सासूबाई आता शेजारणींना सांगतात की नियम त्यांनीच केला.

पण तुला वेगळंच सांगायचंय. डॉक्टरीणबाई आल्या आल्या पोटावर हात ठेवून विचारू लागल्या, की काय होतंय ते नीट सांगा. मागच्या वेळी मी घसा सुकेपर्यंत सांगत होते. या वेळी कोणी विचारलं, तर मला नुसतं रडूच फुटलं. पहिल्याच्या वाटणीचंही तेव्हाच रडून घेतलं बहुतेक. तुझे आणि तुझ्या माणसांचे उपकार कसे फेडू, धाकटे? बाई निघून गेल्या नाहीत. मला बोलता येईपर्यंत तिथेच थांबल्या.

भाचीला बघायला लवकर ये.
तुझी ताई